स्वतःचीच वकिली न करणारी आत्मचरित्रं सुचवा (चरित्रंही चालतील)

अर्धं_पान

गेल्या दोनतीन वर्षांत मी नामवंतांची आत्मचरित्रं वाचायचा सपाटा लावला होता आणि त्यातली निम्म्याहून जास्त मधेच टाकून दिली, कारण सगळ्यांचा साचा तोच. बालपण हलाखीचं पण आई थोर, मग एक गुरू भेटणार, मग एक मोठं अपयश येणार आणि ते अपयश पुढच्या यशासाठी गरजेचंच होतं हे लेखकाला तेव्हाच कळलेलं असणार (कसं कळतं बुवा यांना तेव्हाच, मला दहा वर्षांनीही कळत नाही), आणि शेवटची शंभर पानं मी कोणाकोणाला भेटलो आणि ते मला काय म्हणाले. फोटोंची पानं तेवढी चाळायची आणि पुस्तक बाजूला.

मग मधे आजारी पडून आठ दिवस अंथरुणात होते तेव्हा आंद्रे अगासीचं ‘ओपन’ हाती लागलं. २००९ चं पुस्तक, म्हणजे मी उशीराच पोचले. टेनिसमधलं मला ओ की ठो कळत नाही, ड्यूस म्हणजे काय ते दर वेळी कोणालातरी विचारावं लागतं. तरी सोडवेना. १९९० ची फ्रेंच ओपन, याची पहिलीच ग्रँड स्लॅम फायनल, आणि साहेबांचे ते जगप्रसिद्ध केस म्हणजे चक्क विग! आदल्या रात्री आंघोळ करताना विग सुटायला लागतो, मग तो आणि त्याचा भाऊ मिळून पिना खोचून कसाबसा सावरतात, आणि दुसऱ्या दिवशी कोर्टवर हा माणूस देवाकडे काय मागतो, तर मॅच राहू दे, विग तेवढा डोक्यावर राहू दे. मॅच हरलाच.

हे लिहायची काही गरज होती का त्याला? ड्रग घेतलं, टेस्टमध्ये सापडलो आणि खोटं पत्र लिहून सुटलो, हेही लिहिलंय. आठ ग्रँड स्लॅम जिंकलेला माणूस सांगतो की मला टेनिसचा लहानपणापासून तिरस्कार आहे, आणि आपल्याला ते खरं वाटतं.

तर मला असलं काहीतरी हवंय. लिहिणारा संत नको, स्वतःला झोडपून घेणाराही नको (तोही एक प्रकारचा तोराच असतो), फक्त स्वतःची वकिली करत बसणारा नको. मराठी, इंग्रजी, अनुवाद, काहीही चालेल. नुसती नावं टाकून पळू नका प्लीज, का वाचावं ते दोन ओळी लिहा.

पिवळी_पानं

आधी लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलंय का ते सांगा. नसेल तर हा धागा इथेच थांबवून ते वाचून या, आम्ही आहोतच इथे.

मला माहितीये, नाव ऐकलं की लोकांना पाठ्यपुस्तकातला धडा आठवतो आणि जांभई येते. मीही तसाच होतो, तिशी उलटल्यावर पूर्ण वाचलं आणि ठिकठिकाणी मोठ्यानं हसलो. १९३४ पासून भागाभागानं आलेलं पुस्तक आहे पण भाषा बघाल तर परवा कोणीतरी समोर बसून सांगितल्यासारखी. वडिलांना सोवळ्याचं वेड, त्या वेडापायी अख्खं घर वेठीला धरलेलं. पुढे लग्न कोणाशी, तर नारायण वामन टिळकांशी, म्हणजे कवी, उदार, लहरी, संतापी, आज घरात आहेत तर उद्या कुठे असतील त्याचा भरवसा नाही. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि बाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. पाचेक वर्षांनी त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, पण तेही नवरा म्हणतो म्हणून नाही. कोणाच्या हातचं पाणी प्यायचं आणि कोणाच्या नाही यावर त्यांनी स्वतःशी जो वाद घातलाय तो वाचाच. मोठ्या तत्त्वज्ञानाचा आव नाही, एक बाई आपल्या डोक्यातली जळमटं एकेक करून काढतेय आणि काढताना स्वतःलाच हसतेय.

आणि मुद्द्याचं म्हणजे नवऱ्याला त्यांनी कुठे देव केलेलं नाही आणि राक्षसही केलेलं नाही. इतका त्रास दिलेल्या माणसाबद्दल इतकं प्रेमानं आणि इतकं खवचट एकाच वाक्यात लिहिता येतं हे मला दुसऱ्या कोणाकडे दिसलेलं नाही. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं होतं ते पुढे पूर्णही यांनीच केलं. शाळेचं तोंड न बघितलेली बाई!

गप्प_बसा

वर पिवळी_पानं यांना +१००. अख्खंच वाचावं, संक्षिप्त आवृत्तीच्या नादी लागू नये.

ओळीत_दुसरा

माझी एक सवय आहे ती सांगतो, कोणाला उपयोगी पडली तर बघा. मी आता मोठ्या माणसाचं चरित्र एकटं वाचतच नाही, जोडीनं वाचतो. म्हणजे त्याचं झालं की त्याच्या घरातल्या कोणीतरी लिहिलेलं शोधतो.

उदाहरण देतो. वॉल्टर आयझॅकसनचं ‘स्टीव्ह जॉब्स’ सगळ्यांनी वाचलेलं असतं. जॉब्स ५ ऑक्टोबर २०११ ला गेला आणि त्याच महिन्यात पुस्तक बाजारात. चाळीसहून जास्त मुलाखती स्वतः जॉब्सच्या, बाकी मित्र, शत्रू, हाताखालचे लोक वेगळेच. चांगलं आहे, जॉब्सला फार सांभाळून घेतलंय असंही नाही. पण तरी वाचून झाल्यावर आपण काय म्हणतो, तर स्वभाव विक्षिप्त होता हो, पण काय प्रॉडक्ट बनवली!

आता त्यावर लगेच लिसा ब्रेनन-जॉब्सचं ‘स्मॉल फ्राय’ (२०१८) घ्या. ही त्याची पहिली मुलगी, जिला त्यानं सुरुवातीला आपली मानायलाच नकार दिला होता. टाइम मासिकाच्या १९८३ च्या लेखात त्याचं वाक्य छापून आलं होतं की अमेरिकेतल्या २८ टक्के पुरुषांपैकी कोणीही हिचा बाप असू शकेल. आणि त्याच वर्षी कंपनीनं जो कॉम्प्युटर बाजारात आणला त्याचं नाव काय, तर लिसा! पोरगी लहानपणापासून विचारतेय की ते माझं नाव आहे का, हा म्हणतो नाही. मग ती सत्तावीस वर्षांची असताना एकदा यू टू बँडच्या बोनोकडे गेलेले असतात, बोनो सहज विचारतो, तो कॉम्प्युटर हिच्या नावावरून का रे? आणि हा थोडं थांबून म्हणतो, हो. लेकीला नाही सांगितलं, बोनोला सांगितलं. आयझॅकसनच्या पुस्तकातही जॉब्सनं हे कबूल केलंय, पण तिथे ते एक मजेशीर माहिती म्हणून येतं आणि आपण पान उलटतो. इथे पान उलटवत नाही.

मजा म्हणजे लिसानं बापावर सूड उगवलेला नाही. त्याच्याबरोबर स्केटिंगला जायचे त्याचं इतकं सुंदर वर्णन आहे की तो आपल्याला आवडायला लागतो आणि तेवढ्यात तो काहीतरी असं बोलतो की बस.

मराठीतही अशा जोड्या आहेत. महर्षी कर्व्यांचं ‘आत्मवृत्त’ १९१५ चं, आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणजे बाया कर्वे यांचं ‘माझे पुराण’ १९४४ चं. अण्णांचं पुस्तक कसं, तर अतिशय प्रांजळ, संथ, हिशोबाच्या वहीसारखं नीट. बायांचं वाचताना कळतं की थोर माणसाच्या संस्थेचा हिशोब जुळत होता तेव्हा घरचा कसा आणि कोण जुळवत होतं.

अर्धं_पान

@ओळीत_दुसरा, जोडीनं वाचायची आयडिया भारी आहे, बोनोवाला प्रसंग वाचून पोटात कालवलं. मग या हिशोबानं ‘आहे मनोहर तरी’ कुठे बसतं? त्याची जोडी काय?

गप्प_बसा

आला का शेवटी विषय, मी वाटच बघत होतो. आता दोनशे प्रतिसाद नक्की.

सुट्टीवर

नको रे बाबांनो, तो वाद १९९० पासून चालू आहे, पुस्तक आलं त्या दिवसापासून. अर्ध्यांना वाटतं सुनीताबाईंनी पुलंची प्रतिमा डागाळली आणि अर्ध्यांना वाटतं त्यांनीच पुलंना घडवलं, आणि दोन्हीकडच्या निम्म्या लोकांनी पुस्तक वाचलेलं नसतं. मी एवढंच म्हणेन की ते पुलंवरचं पुस्तक म्हणून वाचू नका. बेचाळीसच्या चळवळीत उतरलेली, कमालीची काटेकोर, स्वतःला आणि दुसऱ्याला काही म्हणजे काही माफ न करणारी बाई आहे ती, आणि पुस्तक तिचं आहे. अर्धं_पान, तुमच्या अटीत बसतं की नाही यावर मात्र मी ठाम नाही. स्वतःला धारेवर धरलंय खरं, पण काही ठिकाणी मला वाटलं की बाई उलटतपासणी पण स्वतःच घेतायत आणि निकालपण स्वतःच देतायत. तरी मी ते तीनदा वाचलंय, आता बोला.

कट्टर_चरित्रवादी

सगळं वाचलं. माझं म्हणणं जरा कडू लागेल. आत्मचरित्र हा प्रकारच मुळात वकिलीचा आहे. अगासीनं विग काढून दाखवला म्हणून तुम्ही खूश, पण कुठला विग काढायचा आणि कुठला ठेवायचा हे त्यानंच ठरवलं ना? कबुली दिली की वाचक विरघळतो आणि मग पुढचं सगळं खरं मानतो, ही लेखनातली जुनी चलाखी आहे. आणि ‘ओपन’ त्यानं एकट्यानं लिहिलेलं नाही. शब्द जे. आर. मोहरिंगरचे आहेत, त्यानंच कव्हरवर माझं नाव नको म्हणून सांगितलं. २०२३ मध्ये प्रिन्स हॅरीचं ‘स्पेअर’ आलं तेही त्याच्याच हातचं. म्हणजे तुम्हाला अगासीचा प्रांजळपणा आवडला की मोहरिंगरची कारागिरी, ते आधी ठरवा.

खरं बघायचं तर चरित्र वाचा, आणि चरित्रकारही रॉबर्ट कॅरोसारखा पाहिजे. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन याच्यावर याचे चार खंड झालेत, पहिला १९८२ चा, चौथा २०१२ चा, आणि पाचव्याचं काम चालूच. जॉन्सन ज्या टेक्सासच्या डोंगराळ भागात वाढला तिथे हा बायकोला घेऊन तीन वर्षं राहायला गेला, कारण शहरातून येऊनजाऊन मुलाखती घेतल्या तर लोक मोकळं बोलत नव्हते.

त्याचा एक किस्सा सांगतो. जॉन्सनचा धाकटा भाऊ सॅम ह्यूस्टन, थापाडा माणूस, भावाच्या बालपणाच्या रंगवून रंगवून गोष्टी सांगायचा आणि त्या पडताळून बघितल्या की निघायच्या खोट्या. कॅरोनं त्याचा नादच सोडला. मग काही काळानं भाऊ मोठ्या आजारातून उठला, दारू सुटली, माणूस शांत झाला. तेव्हा कॅरो त्याला त्यांच्या लहानपणच्या घरात घेऊन गेला, ते घर जसंच्या तसं जतन केलंय. बघायला येणारे लोक गेल्यावर, संध्याकाळी, जेवणाच्या टेबलावर तो लहानपणी जिथे बसायचा तिथेच त्याला बसवला आणि स्वतः त्याच्या मागे बसला. समोर नाही. समोर वही घेऊन बसलेला माणूस दिसला तर तो आजच्या दिवसात राहील म्हणून. हळूहळू भाऊ बोलायला लागला, आणि बाप आणि लिंडन यांची टेबलावरची भांडणं, तो आरडाओरडा, सगळं बाहेर यायला लागलं. मग कॅरो म्हणाला, आता त्या आधीच्या गोष्टी परत सांगा, जरा बारकाव्यानिशी. तर तो म्हणाला, नाही सांगता येणार, कारण तसं काही झालंच नव्हतं.

कुठलं आत्मचरित्र तुम्हाला हे देणार?

बिनओळखीचा

@कट्टर_चरित्रवादी, किस्सा जबरदस्त आहे पण निष्कर्ष नाही पटला. कॅरो येऊन तीन वर्षं मुक्काम ठोकेल असं आयुष्य राष्ट्राध्यक्षाचं असतं हो. ज्यांच्यावर कोणी चरित्र लिहिणारच नव्हतं त्यांचं काय? त्यांनी स्वतः लिहिलं नसतं तर ते कागदावर आलंच नसतं.

आणि ‘मी’ किती खरा या तुमच्या शंकेचं म्हणाल तर दया पवारांनी ती ‘बलुतं’मध्ये १९७८ लाच घेतलीये, आणि पुस्तकाच्या रचनेतच घेतलीये. त्यात सांगणारा आहे दगडू मारुती पवार आणि ऐकणारा दया पवार. दोघं एकच. म्हणजे शिकलेला, नोकरी करणारा, पांढरपेशा झालेला लेखक ऐकतोय आणि त्याच्या आत दडपून ठेवलेला दगडू बोलतोय. लेखकाला स्वतःच्याच नावाची लाज वाटते हे तो लपवत नाही, उलट तीच पुस्तकाची चौकट करतो. त्यात बापाचं दारू पिणं आहे, मुंबईच्या कावाखान्यातलं राहणं आहे, स्वतःचं बायकोशी वागणं आहे, ज्यात तो अजिबात शोभून दिसत नाही. त्याच्या दलित समाजातल्या माणसांनीच तेव्हा विचारलं होतं की आपली घाण चव्हाट्यावर का आणली. म्हणजे वकिली करायची तर उलट दोन्हीकडून मागणी होती, आणि त्यानं कोणाचीच केली नाही.

दुसरं पुस्तक बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’. नावातच बघा, माझं नाही, आमुचं. बाईंनी ते नवऱ्यापासून लपवून लिहिलं आणि कित्येक वर्षं लिखाण दडवून ठेवलं. पुस्तकात वस्तीतल्या बायकांना होणाऱ्या मारहाणीबद्दल अंगावर काटा येईल असं लिहिलंय, पण स्वतःच्या संसाराबद्दल जवळजवळ नाहीच. पुढे इंग्रजी अनुवाद आला २००८ मध्ये, त्याच्या शेवटी माया पंडितांनी घेतलेली मुलाखत आहे, त्यात त्या सांगतात की हो, माझ्याही वाट्याला नवऱ्याचा मार आला. मग पुस्तकात का नाही? कारण त्यांना ते एकटीचं दुःख म्हणून सांगायचंच नव्हतं. आता याला काय म्हणणार, लपवाछपवी? मला नाही वाटत.

पिवळी_पानं

वा. शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. त्यात ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ (२००३) पण घाला. आई बांबूच्या टोपल्या, सुपं विणायची, त्या वस्तू म्हणजे आयदान. तिथे मात्र ‘मी’ भरपूर आहे, नवऱ्याशी बिनसलेलं आहे, मुलीची रागावलेली नजर आहे. पिढी बदलली की ‘आम्ही’ मधून ‘मी’ कसा सुटा होत जातो ते ही दोन्ही लागोपाठ वाचली की दिसतं.

मधलं_बाक

इतकं जड चाललंय की विचारायची लाज वाटतेय, पण ‘एक होता कार्व्हर’ कोणी लिहिलंच नाही? माझ्या आयुष्यातलं पहिलं चरित्र ते. वीणा गवाणकरांचं, १९८१ चं. गुलामीत जन्मलेलं दुबळं पोर, आईसकट पळवलं जातं, आई कधी सापडत नाही, आणि मालक त्या पोराच्या बदल्यात एक घोडा देऊन त्याला परत आणतो. हे मी शाळेत असताना वाचलं आणि तो घोडा डोक्यातून अजून गेला नाही. त्यानंतर मला झाडं दिसायला लागली, आधी नुसती असायची.

कट्टर_चरित्रवादी

कार्व्हर वाचून मीही रडलोय, नाही म्हणत नाही. पण ते चरित्र म्हणजे आरती आहे. चरित्रनायकाला एक तरी खोट हवी की नको? आणि त्या माणसाबद्दल सर्रास सांगतात की पीनट बटरचा शोध त्यानं लावला, तेही खरं नाही. मॉन्ट्रियलच्या एडसनला शेंगदाण्याच्या पेस्टचं अमेरिकन पेटंट १८८४ मध्येच मिळालं होतं. कार्व्हर टस्कीगीच्या संस्थेत शिकवायला पोचला १८९६ मध्ये.

मधलं_बाक

पीनट बटरचं माहितीये मला, आणि त्यानं खरं म्हणजे काही फरक पडत नाही. त्याचं खरं काम वेगळंच होतं ना. कापूस घेऊन घेऊन जमिनीचा कस गेलेला, त्या गरीब काळ्या शेतकऱ्यांना तो सांगत होता की मधे शेंगा लावा, चवळी लावा, रताळी लावा, जमीन सुधारेल. मग शेंगा पिकल्या, पण घेणार कोण, म्हणून त्या खायच्या कशा याची १९१६ ची पुस्तिका, १०५ प्रकार. शेतकरी येत नाहीत म्हणून १९०६ पासून शिकवायची गाडीच त्यांच्या दारात. यात शोध एकही नसला तरी चालतंय की! आणि आरतीचं म्हणाल तर बाराव्या वर्षी कॅरोचे चार खंड कोण वाचणारे? प्रत्येक वयाला चिकित्सा लागत नाही. मोठं झाल्यावर परत वाचावं आणि तेव्हा भांडावं, तुम्ही भांडताय तसं.

गप्प_बसा

कट्टरराव, एक विकेट गेली.

सुट्टीवर

अवांतर, शब्दांकनाच्या मुद्द्यावर. दुसऱ्यानं लिहिलं म्हणून आत्मचरित्र खोटं होत नाही, चांगला कान असलेला माणूस मिळाला तर उलट जास्त खरं होतं. अभिनेत्री हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ घ्या. १९७० चं पुस्तक, शब्दांकन अरुण साधूंचं. बाई बोलतायत आणि लिहिणारा मधे कुठेही लुडबुडत नाही. दारू, पळून जाणं, परत येणं, स्वतःच्याच निर्णयांनी केलेली माती, सगळं एका दमात, कुठे रडणं नाही की पश्चात्तापाचं प्रवचन नाही. पानं थोडी आहेत, एका बैठकीत होतं आणि नंतर दोन दिवस बोलवत नाही. श्याम बेनेगलांचा ‘भूमिका’ (१९७७) यावरूनच आला, पण आधी पुस्तक वाचा, मग सिनेमा बघा.

तळटीप

उशीरा आलोय, सगळे प्रतिसाद एका दमात वाचले. आठवणी खऱ्या की खोट्या यावर एक पुस्तक सुचवतो, तारा वेस्टओव्हरचं ‘एज्युकेटेड’, २०१८ चं. आयडाहोच्या डोंगरात भंगाराचा धंदा करणारा बाप, सरकार, डॉक्टर आणि शाळा यांच्यावर ज्याचा काडीचा विश्वास नाही. पोरगी सतरा वर्षांची होईपर्यंत वर्गात बसलेली नाही. कॉलेजात गेल्यावर एका तासाला ती हात वर करून विचारते की हा शब्द मला माहीत नाही, आणि तो शब्द असतो होलोकॉस्ट. वर्गाला वाटतं ही चेष्टा करतेय. पुढे हीच मुलगी केंब्रिजची डॉक्टरेट घेते.

एवढं सगळेच सांगतात. मला त्यातल्या तळटीपा आवडल्या (नावाला जागलो!). भावाला भाजल्याचा प्रसंग ती सांगते आणि खाली तळटीप देते की माझ्या दुसऱ्या भावाला हे असं आठवत नाही, त्याच्या मते तेव्हा अमुक जण तिथे होता, माझ्या डोळ्यासमोर मात्र नाही. आपलीच आठवण आपल्याच पुस्तकात ती संशयाच्या पिंजऱ्यात उभी करते. तरीही घरच्यांनी पुस्तक नाकारलंच. पण अर्धं_पान, वकिली नको या तुमच्या अटीत यापेक्षा चपखल मला काही सुचत नाहीये.

आता जरा घरचं. माझ्या आजीनं म्हातारपणी आठवणींच्या तीन वह्या लिहिल्या. बारीक अक्षर, दोन्ही बाजूंनी, मार्जिनसकट. प्रत्येक वर्षाला पानं दिलेली, कोणाचं लग्न, कोणाचं बाळंतपण, कुठला पाऊस. मधे एका वर्षाला फक्त एक ओळ आहे, ‘या वर्षी विशेष काही नाही.’ मी ते कितीदा तरी वाचून पुढे गेलो. पुढे मोठ्या आत्याशी बोलताना कळलं की त्या वर्षी आजीचा तीन वर्षांचा मुलगा तापानं गेला. आत्याला तो आठवतो, त्याच्या हातातला लाकडी घोडा आठवतो. वहीत तो जन्मल्याची नोंद आहे, गेल्याची नाही. आता सांगा कट्टर_चरित्रवादी, ही वकिली का? कोणाच्या बाजूनं?

कट्टर_चरित्रवादी

नाही. यावर माझ्याकडे काही नाही. (पण आत्याकडून आणखी लिहून घ्या, हे मात्र चरित्रवादी म्हणूनच सांगतो. लवकर घ्या.)

बिनओळखीचा

तळटीप, तुमच्या प्रतिसादानंतर काही लिहावंसं वाटत नाहीये, पण ॲन फ्रँकचं एक सांगायचं होतं म्हणून सांगतो. सगळे समजतात की डायरी म्हणजे मनात आलं ते उतरवलं. पण मार्च १९४४ मध्ये रेडिओवर एका डच मंत्र्याचं भाषण झालं की युद्ध संपल्यावर लोकांच्या डायऱ्या, पत्रं गोळा करायची आहेत, ते ऐकून तिनं आपली डायरी पहिल्यापासून परत लिहायला घेतली. वाक्यं सुधारली, काही गाळली, लोकांची नावं बदलली. वय वर्षं १४! ऑगस्टमध्ये पकडले गेले तोवर ते काम चालू होतं. १९४७ ला जे छापलं ते वडिलांनी दोन्ही खर्ड्यांतून जुळवलेलं. म्हणजे जिला आपण निरागस वगैरे म्हणतो ती खरी तर पुस्तक संपादित करत बसलेली लेखिका होती. मला हे कळल्यावर ती जास्तच आवडायला लागली.

मधलं_बाक

हे माहीतच नव्हतं! परत वाचते आता.

सुट्टीवर

मंडेलांचं ‘लाँग वॉक टू फ्रीडम’ (१९९४) कोणी म्हणालं नाही. खरं सांगू, शेवटचा भाग सरकारी अहवालासारखा झालाय, वाटाघाटीच वाटाघाटी. पण बालपण आणि रॉबेन बेट वाचा. त्या पुस्तकाचा पहिला खर्डा तुरुंगातच चोरून लिहिलेला, एक प्रत सुटणाऱ्या साथीदारानं बाहेर नेली आणि मूळ पानं बागेत पुरून ठेवली. पुढे तिथे भिंतीचं काम निघालं आणि पानं सापडली, तर शिक्षा म्हणून मंडेला आणि त्यांचे साथीदार सिसुलू आणि कथराडा यांची अभ्यासाची सवलत चार वर्षं बंद. आत्मचरित्र लिहिल्याची ही शिक्षा.

आणि गांधी? ‘सत्याचे प्रयोग’ मधे वडील शेवटच्या घटका मोजत असताना पाय चेपायचं सोडून बायकोच्या खोलीत गेलो आणि तेवढ्यात ते गेले, हे त्यांनी लिहिलंय. सोळाव्या वर्षाची गोष्ट, पन्नाशी उलटल्यावर साप्ताहिकात क्रमशः छापली. अगासीचा विग बराच नंतरचा.

गप्प_बसा

वाचनखूण साठवली. धागा वर काढत राहा रे, माझं वाचून होईपर्यंत.

अर्धं_पान

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, मी दोन दिवस लॉगिन केलं नाही आणि इथे एवढं सगळं! तळटीप, तुमच्या आजीची ती ओळ मी नवऱ्याला वाचून दाखवली, तो काही बोललाच नाही, उठून गॅलरीत गेला.

‘स्मॉल फ्राय’ आणि ‘बलुतं’ मागवलंय. कट्टर_चरित्रवादी, कॅरोचा पहिला खंड पण घेईन पण त्याची पानं बघून छाती दडपलीये, वाचून होईपर्यंत पाचवा येईल बहुतेक.

आणि पिवळी_पानं, तुम्ही म्हणालात तसं आधी लक्ष्मीबाईंनाच हात घातला. साठेक पानं झालीयेत, काल रात्री एक वाजेपर्यंत वाचत होते. टिळक पुन्हा न सांगता कुठेतरी निघून गेलेत.